शून्य नंबरची गाय

डॉ. तहसीन मुल्ला गोठ्यात आल्या की आधी गाई बघत नाहीत, खांबावरची पेटी बघतात. मला याचा राग यायचा. तेवीस जित्याजागत्या गाई गव्हाणीला उभ्या असताना ही बाई लोखंडाच्या डब्याला नमस्कार केल्यासारखी त्याच्यासमोर उभी राहते, म्हणजे काय? पण त्या दूध संघाच्या डॉक्टर. व्यालेल्या प्रत्येक गाईचं रक्त पहिले पन्नास दिवस रोज तपासायचं आणि महिन्यातून एकदा डॉक्टरांनी ते आकडे बघून सही करायची, असा संघाचा नियम.

त्या सोमवारी त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "धैर्यशीलराव, सध्या रोज तपासायच्या गाई किती?"

"सहा."

"इथं सात आहेत. शून्य नंबर कुठली?"

पट्ट्या रोज मीच लावायचो, पण सगळी यादी खाली सरकवून बघायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, "ते जुनं असणार. जुन्या पेटीतलं सगळं नव्या पेटीत घातलंय ना, त्यात आलं असेल. आणि एखाद्या दिवशी रक्त घ्यायचं राहिलं की ही पेटी आपली आपण अंदाज करते म्हणे. तसा काहीतरी अंदाज करत बसली असेल."

"अंदाज करड्या अक्षरांत येतो. हे काळ्या अक्षरांत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे पट्टीला रक्त लागलंय. एकोणीस दिवस, रोज पहाटे साडेपाच ते सहाच्या मध्ये. पहिल्या दिवशी पॉइंट तीन होतं, आज चार पॉइंट एक आहे." त्यांनी मान वळवून गोठाभर नजर टाकली. "ही गाय कुठाय? ही उपाशी आहे हो."

शून्य नंबर ही गाय नव्हती. शून्य नंबर माझी बायको वृषाली होती, आणि तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

हे नीट सांगायचं तर गाईपासूनच सुरुवात करावी लागेल.

जास्त दुधाची गाय व्याली की पहिले काही आठवडे तिचं गणित उलटं चालतं. दुधात जेवढी साखर ती ओतते तेवढा चारा तिच्या पोटात जातच नाही. मग शरीर अंगावरची चरबी काढून जाळायला लागतं. ती चरबी यकृतात येते, तिथं तिचे कीटोन तयार होतात आणि रक्तात उतरतात. थोडे असले तर चांगलेच, मेंदूसुद्धा त्यांच्यावर चालतो. पण यकृताला तो घास मोठा झाला की कीटोन साठत जातात आणि त्यांच्यामुळे उरलीसुरली भूकही मरते. भूक मेली की आणखी चरबी जळते. म्हणजे गाय उभ्या उभ्या स्वतःलाच खात असते, आणि आपण खाली बसून तिची धार काढत असतो. आकडा सव्वाच्या वर गेला तर सावध व्हायचं, तीनच्या वर गेला तर गाय आजारी. तिच्या श्वासाला तेव्हा एक वास येतो, नखांचा रंग पुसायच्या बाटलीसारखा, गोडूस आणि उग्र. हा वास सगळ्यांना येत नाही. मला येतो.

कानाच्या कडेला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचं, दहा सेकंदांत आकडा येतो. ही युक्ती मुळात माणसांची. मधुमेहाच्या रोग्यांसाठी केलेलं यंत्रच पहिल्यांदा गोठ्यात आलं, कारण बाईच्या रक्तातला कीटोन आणि गाईच्या रक्तातला कीटोन हा एकच पदार्थ आहे. पुढं संघानं गोठ्यासाठी वेगळी पेटी काढली, तिला भोंगा लावला. आकडा तीनच्या वर गेला की भोंगा वाजणार आणि त्या गाईचं दूध संघ घेणार नाही.

आता आमची नांदगिरवाडी म्हणजे अर्क. लोकांनी सहा महिन्यांत तोड काढली. एखादी धट्टीकट्टी, गरीब स्वभावाची गाय धरायची आणि तिचंच रक्त सगळ्या नंबरांवर लावायचं. बिचारीचा कान चाळणी व्हायचा. मीही केलंय, खोटं कशाला बोलू? म्हणून मग नव्या पट्ट्या आल्या. त्या कीटोन तर मोजतातच, शिवाय रक्तातल्या बारा खुणा वाचतात, आणि आजचं रक्त कालच्याच जनावराचं आहे का, कुणाचं कुणाशी नातं आहे, हे संघाच्या प्रयोगशाळेला कळवतात.

दुसरी तोड सोपी होती. भोंगा वाजला की पेटीवर तीन बटणं येतात: 'गाय तपासली', 'पट्टी खराब' आणि 'या नंबरचा भोंगा बंद'. तिसरं बटण खरं म्हणजे विकलेल्या गाईंसाठी. आम्ही ते हवं तेव्हा दाबायचो.

वृषाली माझ्या सख्ख्या मामांची मुलगी. म्हणजे माझी आई तिची आधी आत्या, मग सासू. आईनंच तिला मागून आणली, भावाकडं हट्ट धरून. पहिली पेटी आली तेव्हा आई दोन दिवस धुमसत होती. गाईचं रक्त काढायचं, तेही रोज? तिला ते पाप वाटायचं. शेवटी तिनं वृषालीला अट घातली, "गाईच्या कानाला टोचायच्या आधी आपल्या बोटाला टोचायचं. आपल्याला किती दुखतंय ते कळल्याबिगर दुसऱ्याला टोचायचं न्हाई."

वृषाली हसली होती. "आत्या, मग जंताचं औषध पण आधी मीच पिऊ काय?"

पण अट तिनं पाळली. रोज पहाटे पहिला थेंब तिचा. तो पट्टीवर घेतला की पट्टी चांगली आहे का तेही कळायचं. त्या थेंबाला काहीतरी नंबर द्यायला हवा, म्हणून तिनं शून्य दिला. मी विचारलं, शून्य म्हणजे कोण? ती म्हणाली, "घरची गाय." मला ते त्या वेळी फार गमतीचं वाटलं.

मग तो उन्हाळा आला. वृषाली पाणी फार प्यायची, पण पाणी सगळेच पीत होते. ती वाळली, पण मी म्हटलं उन्हानं. जेवायला बसलो की ती आणि आई मला वाढायच्या आणि म्हणायच्या, आम्ही मागनं जेवतो. आमच्याकडं बायका मागनंच जेवतात. मागनं म्हणजे कधी, आणि जेवतात का, हे बघायला पुरुषमाणूस तिथं नसतोच.

एका मंगळवारी पहाटे मी टेम्पोत कॅन चढवत असताना भोंगा वाजला. शून्य नंबर, तीन पॉइंट आठ. वृषाली बोट दाबून उभी होती. "पेटी खोटं बोलती काय हो?" तिनं विचारलं. मला डेअरीला उशीर होत होता. मी म्हटलं, "गाईच्या मशीनवर माणसाचा आकडा खरा येतोय व्हय?" आणि 'पट्टी खराब' दाबलं. बुधवारी तिनं तीनदा तपासलं, तीनदा भोंगा वाजला. गुरुवारी परत तीनदा. गाई बिथरून दूध चोरायला लागल्या तेव्हा मी वैतागून तिसरं बटण दाबलं. शुक्रवारी वृषाली चुलीपुढं पडली. शनिवारी कोल्हापूरच्या दवाखान्यात ती वारली.

तिला साखरेचा आजार झाला होता, तरुणपणी अचानक होतो तो. शरीराला इन्सुलिन मिळेना. रक्तात साखर तुंबलेली, पण तिचं अंग उपाशी. उपाशी अंग चरबी जाळत सुटलं आणि कीटोननी रक्त आंबवून टाकलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी काही लक्षणं दिसली नव्हती का? मी म्हटलं, नाही. शेजारी उभी राहून आईही म्हणाली, "न्हाई." मी खोटं बोललो हे मला माहीत होतं. आईचं मला माहीत नव्हतं.

मामांना आम्ही सांगितलं, एकाएकी गेली.

तर, डॉ. मुल्ला पेटीसमोर उभ्या होत्या. "चारच्या वर आकडा आणि भोंगा कसा नाही वाजला?" म्हणत त्यांनी दोनदा बोट दाबलं. "शून्य नंबरचा भोंगा बंद आहे. तीन वर्षांपूर्वीची तारीख आहे. जुन्या पेटीतून हे पण आलं वाटतं. चालू करू?"

"राहू दे, मॅडम. मी करतो."

त्यांनी माझ्याकडं जरा रोखून बघितलं. त्या वर्षभरापूर्वीच इकडं बदलून आल्या होत्या, वृषालीचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. "गाय शोधा," त्या म्हणाल्या. "मी खुणांचा अहवाल मागवते. पण असा आकडा रोज चढत असेल तर तिच्याकडं फार दिवस नाहीत."

त्या गेल्या आणि मी पेटीच्या खांबाला टेकून खाली बसलो. मला ठाऊक आहे, बारावीला विज्ञान घेतलेल्या माणसानं असं बोलू नये. पण त्या क्षणी मला दुसरं काही सुचलंच नाही. वृषाली परत आली होती. मी डेअरीला गेलो की ती गोठ्यात येत होती, बोटाला टोचून घेत होती, आणि भोंगा वाजण्याची वाट बघत होती.

घरात आम्ही दोघंच, मी आणि आई. आईचा मला संशय आला नाही, कारण वृषाली गेल्यापासून आई पेटीला शिवली नव्हती. शेण काढायलाही ती त्या खांबाकडं पाठ करून वाकायची. चारापाण्याला येणाऱ्या दोघी बायका सातला येतात, पहाटेच्या धारा मी मशीननं काढतो आणि सव्वापाचला निघतो. म्हणजे त्या वेळेत गोठ्यात कुणीच नसतं.

दुपारी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा मला तो वास आला. गोडूस, उग्र. आई माठाजवळ बसून भाजी निवडत होती. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो आणि मला वास वृषालीचा वाटला, कारण शेवटच्या आठवड्यात हाच वास आमच्या उशीला यायचा. तेव्हा मला वाटलं होतं, ती नखांना काहीतरी लावते.

"आई, तुला कसला वास येतोय काय?"

"न्हाई बा," आई म्हणाली. "जेवायला वाढू?"

"तू?"

"मी मागनं."

मी जेवलो. मंगळवारी पहाटे डेअरीला गेलो, आणि परत आल्यावर पेटीवर शून्यापुढं काळ्या अक्षरांत चार पॉइंट तीन होतं.

त्याच संध्याकाळी डॉ. मुल्लांचा फोन आला. त्यांचा आवाज वेगळा होता.

"धैर्यशीलराव, प्रयोगशाळेचं म्हणणं आहे की हे गाईचं रक्तच नाही. माणसाचं आहे. आणि तीन वर्षांपूर्वीचं शून्य, तेही माणसाचंच. वापरलेल्या पट्ट्या आपण पाठवतो ना, तेव्हाच्याही त्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्यांच्यावरून काढलंय."

"दोन्ही एकच हाय काय?" मी विचारलं.

"नाही. पण नात्यातलं आहे. पाव जुळतंय."

बाकी कुणाला हे ऐकून काही समजलं नसतं. पण मी बारा वर्षं गाईंच्या वंशावळी बघतोय. कुठल्या वळूचं रेतन कुठल्या गाईला द्यायचं आणि कुठल्या गाईला द्यायचं नाही, हे ठरवताना आम्ही रोज हाच हिशेब करतो. आई आणि लेक असेल तर निम्मं जुळतं. सख्ख्या बहिणी असतील तर निम्मं. पाव जुळतं ते आजीशी, मावशीशी आणि आत्याशी. वृषालीच्या आज्या कधीच गेल्या होत्या. तिला मावशी नव्हती.

तिला आत्या होती. ती आत स्वयंपाकघरात माझ्यासाठी भाकरी थापत होती.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, म्हणजे वृषालीबद्दल सांगितलं. भोंग्याबद्दल नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईंना आत्ताच दवाखान्यात घेऊन जा."

मी आत गेलो. आईला म्हटलं, उद्या दवाखान्यात जायचं. ती म्हणाली, "मला काय झालंय?" आणि उठून चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मी तिथंच विषय सोडला. तू रोज पहाटे गोठ्यात काय करतेस, हे विचारलं की ती मला उलटं विचारणार होती, आणि तो प्रश्न मी तीन वर्षं चुकवत आलो होतो.

बुधवारी पहाटे मी नेहमीसारखा टेम्पो चालू केला, ओढ्याच्या वळणापर्यंत नेला, तिथं बंद करून चालत मागं आलो.

आई पेटीसमोर उभी होती. पदर खोचलेला, डाव्या हाताचं बोट पुढं धरलेलं. तिनं खटक्याची सुई टोचली, थेंब पट्टीला लावला आणि वर पेटीकडं बघत राहिली. दावणीचं वासरू बघत असतं तसं, काहीतरी मिळेल म्हणून. उजाडत होतं. त्या प्रकाशात मी माझ्या आईला कितीतरी दिवसांनी नीट बघितलं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या.

"आई."

ती दचकली नाही. वळून बघितलं आणि चक्क हसली. "आलास? ये. बघ, वाजत न्हाई."

"काय करतीयास हे?"

"एकवीस दिस झालं. पोटात अन्नाचा कण न्हाई, निस्तं ताक. आकडा चढलाय न्हवं? मला वाचाय येत न्हाई, पर शून्याचा गोल वळखतोय; पयल्या दिवशी आकड्याच्या म्होरं हुता, आता न्हाई. ही नवी पेटी बसवली तवा मुल्लाबाई काय म्हणाल्या? रक्त कुणाचंबी असूद्या, चढलं की भोंगा वाजणारच, पेटीला तोंड बघता येत न्हाई. म्हणल्या का न्हाई?"

"म्हणल्या."

"मग वाजत का न्हाई? कारण मानसाच्या रक्ताला वाजतच न्हाई ती. तवाबी वाजली नसणार." ती माझ्याजवळ आली. तिच्या श्वासाचा वास माझ्या तोंडावर आला. "धैर्या, खरं सांगू? तवा तू बटण दाबत हुतास ते मी शेणाच्या उकिरड्यावरनं बघितलं हुतं. भोंगाबी ऐकला हुता. तीन वरसं माझ्या मनात हेच. पोराला इचारू का नगं? इचारलं आन् तू व्हय म्हणलास, तर? मग मी मनाशी म्हणलं, इचारायचं न्हाई, बघायचं. आपुन स्वताच उपाशी ऱ्हायचं, तिच्याच नंबरावर रक्त द्याचं. वाजली तर तवाबी वाजली हुती. न्हाई वाजली तर तो भोंगा दुसऱ्या कुठल्या तरी गाईचा. न्हाई वाजली बघ! तू सुटलास."

अक्षर न शिकलेल्या माझ्या आईनं प्रयोग केला होता. प्रश्न ठरवला, एक गोष्ट बदलली, बाकी सगळं तसंच ठेवलं आणि एकवीस दिवस रोज नोंद घेतली. तिच्या प्रयोगात एकच चूक होती आणि ती माझ्या बोटानं झालेली होती.

"बरं," मी म्हटलं. "झालं न्हवं आता? चल, घासभर खा."

"बघू की."

"बघू काय? मी सुटलो म्हणतीयास, मग आता उपास कशाला?"

ती गव्हाणीच्या कट्ट्यावर बसली. मांडीवरचा पदर नीट केला. "दोघांतलं कोनतरी एक चुकलं हुतं, बाळा. तू न्हाईस. मग मीच ऱ्हायले की."

आणि मग तिनं ते सांगितलं. वृषालीची दोन महिने पाळी चुकली होती. तोंडाला चव नाही, उलट्या, सारखं झोपावंसं वाटायचं. लग्नाला नऊ वर्षं झालेली. आईला वाटलं, दिवस गेले.

"मीच म्हणलं, कुणाला सांगू नगंस. नवऱ्यालाबी नगं. तीन म्हैनं पुरं हुईस्तवर तोंडातनं काढायचं न्हाई. ती म्हणाली, आत्या, मला कसंतरीच हुतंय, दवाखान्यात जाऊ या. दोनदा म्हणाली. मी म्हणलं, असंच असतंय पहिल्यांदा. माझ्या भावाची पोर, मी मागून आणलेली. भूक न्हाई म्हणायची आन् मी आनंदानं दृष्ट काढायची तिची. त्या डॉक्टरनं इचारलं, काय दिसलं हुतं का, तर मी न्हाई म्हणलं." आईचे डोळे कोरडे होते. "तुझ्यावर संशय घेतला ते मनाला लागून ऱ्हायलं हुतं. ते फिटलं. आता माझं मी बघते."

'माझं मी बघते' म्हणजे काय, हे मला लख्ख कळलं. ती जेवणार नव्हती. आजही नाही, उद्याही नाही.

मी खोटं लिहिणार नाही. माझ्या मनात पहिला विचार काय आला? गप्प बस. ती म्हणते तू सुटलास, तर सुटलास. तिला उचलून दवाखान्यात ने, सलाईन लावतील, चार दिवसांनी समजूत घालू. कुठलं बटण कुणी दाबलं हे फक्त तुला आणि पेटीला माहीत आहे. सगळ्या जगात मला निर्दोष ठरवणारं एकच माणूस होतं, आणि ते मला सांभाळायचं होतं. पण ते माणूस त्यापायी समोर बसून मरत होतं.

"आई, पेटी वाजत हुती."

तिनं वर बघितलं.

"भोंगा तिचाच हुता. मी बंद केला. शून्य नंबरचा भोंगा कायमचा बंद, असं बटण हाय, ते दाबलं. तेच नव्या पेटीत आलंय. म्हणून तुझ्या रक्तालाबी वाजत न्हाई. पेटी बहिरी न्हाई, आई."

"किती येळा?"

"काय?"

"किती येळा वाजला हुता?"

मला आकडा पाठ होता. "सात."

मला वाटलं ती मारेल, आणि तिनं मारावं असं फार वाटलं. मग ती म्हणाली, "ती काय म्हणाली तुला?"

"पेटी खोटं बोलती काय, म्हणाली."

"आन् तू?"

मी काय म्हटलं होतं ते सांगितलं. शब्दन्‌शब्द सांगितला. सांगताना मी रडायला लागलो, आणि ती माझ्याकडं बघत राहिली. जवळ घेतलं नाही.

"चालू कर," ती म्हणाली.

मी पेटीवरचं बटण दाबलं. आईचा आजचा आकडा पेटीत होताच, चार पॉइंट सहा. भोंगा लगेच वाजला. गाई गव्हाणीवरून मागं सरकल्या, काजळी गाईनं पाय झाडला. मी सवयीनं हात वर नेला.

"वाजू दे," आई म्हणाली.

पाच मिनिटं वाजतो तो, कुणी दाबला नाही तर. मला हे माहीत नव्हतं, कारण आमच्या गोठ्यात तो कधी पुरा वाजलाच नव्हता. शेजारची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. आम्ही दोघं त्याच्याखाली बसून राहिलो. भोंगा थांबला तेव्हा आई उठायला गेली आणि तिला उठता आलं नाही. मी तिला उचललं. सत्तरीला आलेली बाई, चाऱ्याच्या पेंढीएवढंसुद्धा वजन नव्हतं.

"दादाला, तुझ्या मामाला सांगायचं," ती माझ्या खांद्याशी म्हणाली. "तू तुझं, मी माझं."

"आधी दवाखाना."

"बरं."

तालुक्याच्या दवाखान्यात तिला आठ दिवस ठेवलं. इतक्या दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम खायला घालता येत नाही, त्यानंही जीव जातो. म्हणून आधी चमचा चमचा पेज, दर चार तासांनी बोटातून रक्त. आकडा उतरत गेला. पेज मी भरवायचो. ती तोंड उघडायची, गिळायची, आणि भिंतीकडं बघायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. डॉ. मुल्ला रोज गोठ्यात जाऊन गाई बघून येत होत्या. त्यांना मी भोंग्याचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या बराच वेळ पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसल्या.

नवव्या दिवशी दवाखान्यातून निघालो ते घरी न जाता नदीपलीकडं, मामांच्या गावाला. आई मोटारसायकलवर मागं बसली होती, माझा शर्ट घट्ट धरून. पुलावर ती म्हणाली, "आधी तू बोलायचं." मी मान हलवली.

मामा दारात हरभऱ्याची डाळ पाखडत बसले होते. मामी गेल्यापासून घरातलं ते स्वतःच करतात. आम्हाला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. मी नमस्काराला वाकलो, पण ते माझ्याकडं बघत नव्हते. ते आपल्या बहिणीकडं बघत होते. पायरीवरून उतरून ते तिच्यासमोर आले, तिचं मनगट दोन बोटांत धरलं आणि विचारलं,

"मालन, जेवत न्हाईस व्हय गं?"

एका नजरेत विचारलं त्यांनी. पेटी नाही, पट्टी नाही. आईच्या तोंडून हुंदका फुटला, तीन वर्षांतला पहिला. मामा गोंधळून तिचं मनगट तसंच धरून उभे राहिले, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "काय झालं, जावईबापू?"

मी त्यांना आधी खाली बसायला सांगितलं आणि बोलायला सुरुवात केली.